तेहतीस लेटमार्क

दीनानाथ सबनीसांचं एक मत होतं, की ज्या गोष्टीची पोच नाही ती गोष्ट घडलेलीच नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात चौतीस वर्षं काढून ते कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात मिळालेल्या शाल-नारळाचीसुद्धा त्यांनी सही करून पोच दिली होती. त्यांचे पूर्वज म्हणे कुठल्याशा किल्ल्यावर शिबंदीची हजेरी मांडत. किल्ला कुठला ते घरात कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण हजेरी मात्र रक्तात उतरली होती.

असा माणूस सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर इंग्लंडात, रीडिंग गावी, लेकीकडे आला, तर त्यानं काय करावं? पार्कात जावं, बदकं बघावीत, जावयाच्या कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी घालावं आणि ‘इथं धूळ म्हणून नाही हो’ असं गावी फोनवर सांगावं. दीनानाथांनी हे सगळं पहिल्या नऊ दिवसांत उरकलं. दहाव्या दिवशी करण्यासारखं काही राहिलं नाही, आणि पुढचं रामायण त्यातून झालं.

लेक श्रद्धा एक नर्सिंग होम चालवायची. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आणि पेढे. इथं त्याच नावाच्या घरात म्हातारी माणसं राहतात आणि चोवीस तास नर्स लागते. हॉथॉर्न हाऊसमध्ये बावीस खोल्या होत्या, माणसं बावीस होती, नर्स मात्र मिळत नव्हत्या. वर्षभर जाहिराती देऊन श्रद्धा थकली, आणि शेवटी तिनं परदेशातून माणूस आणण्याचं लायसन्स काढलं. त्यावर नागपूरहून कल्याणी मेश्राम नावाची नर्स आली. श्रद्धानं तिला सर्टिफिकेट दिलं, त्यावर तिला व्हिसा मिळाला. म्हणजे श्रद्धाचं लायसन्स शाबूत तोवर कल्याणीचा व्हिसा शाबूत. जुलैत तिचा नवरा प्रणय आणि पाच वर्षांची लेक अन्वी यायचे होते. अन्वीनं तिकडे बॅग आत्ताच भरून ठेवली होती, आणि त्यात फक्त एक रेनकोट आणि सात बाहुल्या होत्या.

हे लायसन्स प्रकरण एकदा जेवताना निघालं. श्रद्धा सहज म्हणाली, “लायसन्स मिळवणं सोपं, बाबा. सांभाळणं अवघड. होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, सगळे रेकॉर्ड्स लागतात. पत्ता बदलला, कळवा. ड्युटी बदलली, कळवा. माणूस सलग दहा दिवसांच्या वर न सांगता गैरहजर राहिला, तर तेही कळवा.”

दीनानाथांचा घास हातातच राहिला. “मग हजेरीपत्रक कोण ठेवतं?”

“रोटा आहे ना. अनुपनं एक्सेलमध्ये करून दिलाय.”

“रोटा म्हणजे कोण येणार ते. कोण आलं, किती वाजता आलं, ते कुठंय?”

अनुप, त्यांचा जावई, आयटीतला शांत माणूस. तो म्हणाला, “बाबा, इथं ट्रस्टवर चालतं.” या वाक्यावर दीनानाथ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लायसन्सचे नियम छापायला घेतले. साठाव्या पानावर प्रिंटरची शाई संपली. उरलेलं त्यांनी स्क्रीनवरून हातानं उतरवून काढलं. मग शाळेच्या सामानाच्या दुकानातून दोन जाड वह्या आणल्या, पट्टीनं रकाने आखले आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं: एकीवर ‘हजेरीपत्रक’, दुसरीवर ‘आवक-जावक नोंदवही’. हॉथॉर्न हाऊसच्या दारात, जिन्याखाली, एक रिकामं टेबल होतं. सोमवारी सकाळी पावणेआठ वाजता दीनानाथ त्या टेबलामागे जाऊन बसले. अंगात कोट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल.

बाकीच्या स्टाफनं वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि दीनानाथांनाही त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. नियम स्पॉन्सर केलेल्या, म्हणजे लायसन्सवर परदेशातून आणलेल्या, कर्मचाऱ्याचे; स्पॉन्सर केलेली कर्मचारी एक. म्हणून मस्टरवर नाव एकच: श्रीमती क. मेश्राम, परिचारिका. आठला मस्टर उघडायचं, आठ-पाचला ताब्यात घ्यायचं. त्यानंतर सही झाली की लाल गोल. साहेबांच्या खोलीत मस्टर गेलं की भल्याभल्यांचे चेहरे पडतात, हा चौतीस वर्षांचा अनुभव होता. इथं साहेब नव्हते, म्हणून दीनानाथांनी मस्टर स्वतःच्याच ताब्यात घेतलं.

आणि कल्याणी रोज लेट. आठ-दहा, आठ-बारा, कधी आठ-चौदा. वरून जिना उतरत यायची, धावत सही करायची, परत वर. ती वरून येते याचा अर्थ ती आधीच कुठून तरी वर गेलेली असणार, हा विचार दीनानाथांना शिवला नाही. मागच्या बाजूला स्टाफचं दार आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला टेबल सोडावं लागलं असतं.

नवव्या लाल गोलावर कल्याणी थांबली. “काका, हे काय करून राहिले तुम्ही?”

“लेटमार्क, सिस्टर.” आरोग्य विभागात नर्सला सिस्टरच म्हणतात, आणि दीनानाथांचा विभाग अजून सुटला नव्हता.

“पण मी लेट नाही न. आठच्या आधी वर असते मी. सहा नंबरच्या आजोबांना नाश्त्याआधी इन्सुलिन लागते.”

“वहीत आठ-बारा दिसतंय. वही खोटं बोलत नाही.”

“मग वही घेऊन वर या न एकदा. बघा डोळ्यानं.”

“मस्टर वर जात नसतं,” दीनानाथ म्हणाले. “माणूस मस्टरपाशी येतो.”

कल्याणीची आजी बिडीच्या कारखान्यात होती, आई अंगणवाडीत; तिच्या घरात नर्सिंगपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. लाल गोलांना घाबरायचं वळण त्या घराला नव्हतं. “ठीक आहे काका,” ती म्हणाली. “लावा किती लावायचे ते. मी खाली धावत येणं बंद करणार नाही, आणि वर आधी जाणंही बंद करणार नाही.” आणि ती गेली.

घरच्यांनी विरोध केला नाही असं कोणी म्हणू नये. श्रद्धानं पहिल्याच दिवशी सांगितलं, “बाबा, हे टेबल इथून काढा.” अनुपनं व्हॉट्सॲपवर लिहिलं, की व्हिजिटर व्हिसावर कसलंही काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही, प्लीज. बरोबर आलेल्या पत्नी मीनाक्षी तर तोंडावरच म्हणाल्या, “तुम्हाला लाज कशी वाटत नाही?” दीनानाथांनी कोणाशीही वाद घातला नाही. जे जे आलं ते आवक नोंदवहीत क्रमांक घालून नोंदवलं आणि कार्यवाहीच्या रकान्यात लिहिलं: ‘दप्तरदाखल’. तिसऱ्या आठवड्यात श्रद्धानं ते टेबलच उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी दीनानाथ इस्त्रीच्या टेबलामागे बसलेले आढळले. त्याची उंची कमी-जास्त होते, हे त्यांना पहिल्यापेक्षा सोयीचं वाटलं.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण हजेरीपत्रक नुसतं ठेवून भागत नाही. त्याचं विवरणपत्र वर जावं लागतं. वर कोणी मागितलेलं नसलं तरी जावं लागतं, कारण न मागितलेलंच पुढं नेमकं मागतात. जूनच्या मध्यावर दीनानाथांनी मस्टरची गोळाबेरीज केली. कामाचे दिवस तेहतीस, लेटमार्क तेहतीस. आणि आपल्याकडे नियम आहे: तीन लेटमार्कांना एक रजा कापायची. तेहतीस भागिले तीन, अकरा. लेटमार्क सलग, म्हणून अकरा दिवसही सलग. आणि होम ऑफिसचा नियम काय म्हणतो? सलग दहा दिवसांच्या वर गैरहजर, तर कळवा.

दीनानाथांनी चष्मा पुसला. व्यक्तिशः त्यांना कल्याणीबद्दल राग नव्हता. मुलगी टापटीप होती, नमस्कार करायची, एकदा तिनं त्यांच्या बीपीच्या गोळ्याही बदलून घ्यायला लावल्या होत्या. पण आकडा आकडा असतो. त्यांनी इंग्रजीत सविस्तर विवरणपत्र लिहिलं, ‘सक्षम प्राधिकारी, होम ऑफिस’ असा मायना घातला, ‘सविनय सादर’ केलं, एक प्रत निवड नस्तीला, म्हणजे स्वतःच्या फाइलीला, लावली, आणि खाली सही केली: ‘दी. वा. सबनीस, अधीक्षक (नि.), मालकांकरिता’. पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवलं. काउंटरवरच्या बाईंनी पावती दिली, ती त्यांनी खिशात ठेवली आणि घरी येताना स्वतःसाठी एक आइस्क्रीम घेतलं.

अकराव्या दिवशी श्रद्धाला ईमेल आली. तुमच्याकडून आलेल्या विवरणपत्राच्या संदर्भात मंगळवारी दहा वाजता पाहणीसाठी येत आहोत. कर्मचाऱ्याचे आणि श्री. सबनीस यांचे कागद तयार ठेवा. श्रद्धानं ती ईमेल तीनदा वाचली. मग तिनं वडिलांना हाक मारली, आणि ती हाक शेजारच्या यतीनलाही ऐकू गेली.

यतीन हा इमिग्रेशनमधला जाणकार समजला जायचा, कारण त्यानं स्वतःचा कायम वास्तव्याचा फॉर्म वकिलाशिवाय भरला होता. तो येईपर्यंत श्रद्धाचा आवाज बसला होता. “बाबा, तुम्ही कळवलंत काय हे? ती एक दिवससुद्धा गैरहजर नाहीये! आणि ‘मालकांकरिता’? मी तुम्हाला कामावर ठेवलंय असा अर्थ होतो त्याचा. व्हिजिटरला कामावर ठेवलं म्हणून माझं लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की कल्याणीला साठ दिवस. साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत.”

“अन्वी बॅग भरून बसलीय,” मीनाक्षी म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या.

यतीननं सूत्रं हाती घेतली. त्याचा सल्ला असा: एक, काकांना मंगळवारी एजवेअरला त्याच्या मावशीकडे पाठवायचं. दोन, त्या वह्या गायब करायच्या. तीन, विचारलंच तर सांगायचं, की काकांना विसरायला होतं.

“मला?” दीनानाथ उठून उभे राहिले. “सत्त्याऐंशी सालच्या पल्स पोलिओच्या... नाही, त्या आधीच्या लसीकरणाचे आकडे विचार. तालुकावार सांगतो.”

“बघा, सालात गोंधळ झालाच,” यतीन म्हणाला.

दीनानाथ त्या दिवशी जेवले नाहीत. अपमान कोणता जास्त मोठा, विसरभोळा ठरण्याचा की लपवला जाण्याचा, हे त्यांना ठरवता येईना. संध्याकाळी कल्याणी ड्युटी संपवून श्रद्धाच्या घरी आली. श्रद्धानं तिला सगळं सांगितलं होतं. ती रडली नव्हती, हे दीनानाथांना जास्त लागलं.

“काका,” ती म्हणाली, “मी तुम्हाला हात जोडायला नाही आले. तुम्ही माझी हजेरी चुकवली. ती मला परत पाहिजे. कुठं जाऊन लपू नका मंगळवारी.”

“वही खोटं...” दीनानाथांनी सुरुवात केली, आणि का कोण जाणे, वाक्य पूर्ण केलं नाही.

मंगळवारी यतीननं आठलाच गाडी आणली. दीनानाथ मुकाट्यानं बसले, पट्टा लावला. लेकीनं हात जोडले होते. बापाचं काही चालत नाही अशी एक जागा असते. अर्धा-पाऊण तास गेल्यावर यतीन समाधानानं म्हणाला, “काळजी नको काका. वह्यापण मागं डिकीत टाकल्यात.”

“काय टाकल्यात?”

“तुमच्या वह्या. हजेरी आणि ती दुसरी.”

दीनानाथांचा चेहरा पालटला. तपासणीच्या दिवशी दप्तर हलवलं! जिल्हा परिषदेत पंचायत राज समिती यायची तेव्हा आमदारांसमोर अंगाला घाम फुटायचा, पण दप्तर टेबलावर असायचं. चुकलेलं असेल, कमी असेल, उंदरांनी कुरतडलेलं असेल, पण टेबलावर असायचं. “गाडी थांबव,” ते म्हणाले. यतीन म्हणाला, मोटरवेवर थांबवता येत नाही. “मग पुढच्या फाट्याला थांबव, नाहीतर मी खिडकीतून ओरडतो की मला पळवून नेतायत.” दीनानाथ हे ओरडले असते, याबद्दल यतीनला शंका वाटली नाही. स्लाव गावाजवळच्या फाट्याला त्यानं मोटरवे सोडून गाडी थांबवली आणि वळवणार, तोच काका उतरून, डिकीतल्या दोन्ही वह्या काढून, त्या छातीशी धरून बसस्टॉपकडे निघाले होते. यतीनच्या गाडीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. दोन बस बदलून, एका बाईला उगाचच वही दाखवून, ते दहा वाजून पंचवीस मिनिटांनी हॉथॉर्न हाऊसच्या दारात पोचले. दारातल्या व्हिजिटर्स बुकात त्यांनी प्रामाणिकपणे १०.२५ लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःला एक लाल गोल दिला.

आत ऑफिसात होम ऑफिसच्या सारा नावाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. आखूड केस, मऊ आवाज, आणि मऊ आवाजात माणसाला गार करण्याची हातोटी. बरोबरचा सहकारी लॅपटॉपवर टाइप करत होता आणि तो शेवटपर्यंत टाइपच करत राहिला. समोर श्रद्धा पांढरीफटक, बाजूला कल्याणी ताठ. सारा बाई विचारत होत्या, “हे मिस्टर सबनीस कोण? आणि ते कुठं आहेत?”

“हजर,” दारातून आवाज आला. श्रद्धानं डोळे मिटले.

दीनानाथांनी वह्या टेबलावर ठेवल्या. सारा बाईंनी हजेरीपत्रक उघडलं. तेहतीस लाल गोल एका ओळीत, पानं ओलांडून. “ही नर्स अकरा दिवस गैरहजर होती, असं तुम्ही कळवलंय.”

“होय. नियमाप्रमाणे,” दीनानाथ म्हणाले, आणि तीन लेटमार्कांचा नियम त्यांनी समजावून सांगितला. सारा बाईंनी तो दोनदा ऐकला. सहकाऱ्याचं टाइपिंग पहिल्यांदा अडखळलं.

“म्हणजे ती रोज आली होती?”

“रोज. पण आठ-दहाला.”

कल्याणी उभी राहिली. तिचं इंग्रजी परीक्षा देऊन कमावलेलं होतं आणि आज ते कुठंही अडलं नाही. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली, “मॅडम, मला दया नको. माझी हजेरी पाहिजे. औषधांच्या तक्त्यावर माझ्या सह्या आहेत वेळेसकट, त्या बघा. आणि सहा नंबरच्या खोलीत चला. मी महिनाभर यांना हेच म्हणून राहिले, पण हे वर आले नाहीत.”

सारा बाई उठल्या. सगळे जिना चढले. दीनानाथ सर्वांत मागे, कठड्याला धरून. जिन्याला पायऱ्या सतराच होत्या. आपण एवढे दिवस त्यांच्याखाली बसलो होतो, हे त्यांना मोजताना जाणवलं.

सहा नंबरमध्ये मिस्टर पेंबर्टन खिडकीशी बसलेले होते. वय एक्याण्णव. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसायचे, आणि त्यांचा आयुष्यभराचा छंद असा, की जाणारी प्रत्येक गाडी वेळेसकट वहीत टिपायची. काही इंग्रज माणसं हे स्वखुशीनं करतात. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. दीनानाथांनी ती वही पाहिली. रकाने पट्टीनं आखलेले.

सारा बाईंनी विचारलं, ही नर्स सकाळी किती वाजता येते?

“कुठल्या दिवशी?” पेंबर्टन म्हणाले, आणि पानं उलटू लागले. लंडनची गाडी, ७.३८. त्याच्या समोर समासात बारीक अक्षरात: ‘के., ७.४१.’ दुसऱ्या दिवशी ‘के., ७.३९.’ एके दिवशी ‘के., ७.४४, छत्री उलटी झालेली’. गाड्या इकडे-तिकडे झाल्या होत्या, के. झाली नव्हती.

“दाखवा,” दीनानाथ म्हणाले. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. ते पलंगाच्या कडेवर बसले, आपली वही मांडीवर घेतली, आणि दोन म्हाताऱ्यांनी तारीखवार ताळा सुरू केला. एक तारीख, आठ-बारा, पेंबर्टनकडे सात-एक्केचाळीस. टिक. दोन तारीख. टिक. सारा बाई पाच मिनिटं थांबल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. तेहतिसावी टिक झाली तेव्हा दीनानाथांनी निळं पेन बंद केलं आणि लाल काढलं.

चौतीस वर्षं ते पेन दुसऱ्यांच्या चुकांवर फिरलं होतं. खाडाखोड त्यांनी कधी केली नव्हती, पांढरी शाई तर घरातसुद्धा येऊ दिली नव्हती. त्यांनी एकेका गोलावर सरळ रेघ मारली आणि रेघेपाशी आद्याक्षरं केली, तेहतीस वेळा. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं: “लेटमार्क चुकीचे. कर्मचारी वेळेआधी हजर. चूक कर्मचाऱ्याची नसून लिहिणाऱ्याची. लिहिणारा वर गेला नाही.” खाली सही, तारीख. श्रद्धानं ते इंग्रजीत सांगितलं.

“सिस्टर, चुकलं माझं,” दीनानाथ म्हणाले. यापूर्वी हे वाक्य त्यांनी फक्त एकदा उच्चारलं होतं, लग्नानंतर, आणि तेही दबावाखाली.

पण सारा बाईंचं संपलं नव्हतं. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, “नर्सचा प्रश्न मिटला. तुमचा राहिला. तुम्ही व्हिजिटर आहात. इथं काम करत होता. मालकांनी तुम्हाला कामावर ठेवलं होतं का?”

“नाही!” श्रद्धा म्हणाली. “मी नको म्हणत होते.”

“याचा काही पुरावा?”

बापाला नको म्हटल्याचा पुरावा कोण ठेवतं? दीनानाथांनी घसा खाकरला आणि दुसरी वही पुढं सरकवली.

ती मराठीत होती. सारा बाईंनी फोनवरून दुभाषा मागवला. स्पीकरवर एका वयस्कर गृहस्थांचा आवाज आला. श्रद्धानं वाचणं बरोबर नव्हतं, म्हणून कल्याणी वाचू लागली. “आवक क्रमांक चार. मालक यांची तोंडी सूचना, ‘बाबा, हे टेबल इथून काढा.’ कार्यवाही: दप्तरदाखल.”

भाषांतर करायच्या आधी फोनवरच्या आवाजानं विचारलं, “साहेब, कोणत्या खात्यात होता आपण?”

“आरोग्य. जिल्हा परिषद.”

“मी पाटबंधारे,” आवाज गहिवरून म्हणाला, आणि मग भानावर येऊन त्यानं इंग्रजीत भाषांतर केलं: “दप्तरदाखल, मॅडम, म्हणजे मिळालं, मान राखला, आणि बाजूला ठेवून दिलं.”

कल्याणी वाचत गेली. क्रमांक नऊ, जावई यांचा व्हॉट्सॲप संदेश, व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही; दप्तरदाखल. क्रमांक चौदा, मालक यांनी टेबल उचलून नेले; कार्यवाही, इस्त्रीचे टेबल मिळवून कामकाज सुरळीत. क्रमांक एकोणीस, सौ. यांचे मत, ‘तुम्हाला लाज कशी वाटत नाही’, दप्तरदाखल. लॅपटॉपवरचा सहकारी खिडकीकडे तोंड करून खोकत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

“मॅडम,” दीनानाथ ताठ उभे राहून आपल्या जिल्हा परिषदी इंग्रजीत म्हणाले, “मला कोणी नेमलं नाही. मला एकोणीस वेळा बंद करायला सांगितलं. एकोणीस वेळा मी ऐकलं नाही. ‘मालकांकरिता’ हे मी परस्पर लिहिलं. दोष माझा, लेकीचा नाही. वाटल्यास मला उद्या परत पाठवा. पण सही माझी आहे, ती मी नाकारणार नाही.”

सारा बाईंनी वही मिटली. “अकरा वर्षं मी हे काम करते,” त्या म्हणाल्या. “मालकानं एखाद्याला कामावर ठेवलेलं नाही, याचा इतका भक्कम लेखी पुरावा मी पाहिलेला नाही. मिस्टर सबनीस, हे आजपासून बंद. आजपासून.”

“लेखी द्या,” दीनानाथ म्हणाले. श्रद्धानं कपाळावर हात मारला. सारा बाईंनी कागद घेतला, एक ओळ लिहिली, सही केली. दीनानाथांनी तो आवक क्रमांक वीस म्हणून नोंदवला आणि कार्यवाहीच्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ थांबले. मग त्यांनी लिहिलं: ‘अंमलबजावणी केली.’ आणि वही श्रद्धाच्या हातात दिली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: पुढील कारवाई नाही, कर्मचाऱ्यांच्या येण्या-जाण्याची वेळ नोंदवण्याची पद्धत ठेवावी. हे शेवटचं वाक्य दीनानाथांनी सगळ्यांना वाचून दाखवलं, यतीनला दोनदा. जुलैत प्रणय आणि अन्वी आले, सात बाहुल्यांसकट.

दीनानाथ आता हॉथॉर्न हाऊसमध्ये काहीच काम करत नाहीत. ते पेंबर्टनना भेटायला येतात. भेटायची वेळ दहाची. व्हिजिटर्स बुक दारात असतं, नाव, वेळ, सही. एका सकाळी ते जिन्यावरून खाली आले, घाईघाईनं बुकात १०.०४ लिहिलं आणि परत वर जायला निघाले. कल्याणी तिथंच उभी होती. तिनं त्यांच्या खिशातलं लाल पेन अलगद काढून घेतलं आणि नावापुढं एक व्यवस्थित गोल काढला.

“हे काय, सिस्टर? मी पावणेदहापासून वर आहे. अन्वीला पेंबर्टनकडे गाड्या दाखवत होतो. हवं तर त्यांची वही बघ.”

“बुकात दहा-चार दिसून राहिलं, काका,” कल्याणी म्हणाली. “वही खोटं बोलत नाही न.”

दीनानाथांनी गोलाकडे पाहिलं. मग पेन परत घेतलं, आणि गोलाखाली त्याच झोकदार अक्षरात लिहिलं: ‘मान्य नाही. अपील दाखल करण्यात येत आहे.’ सही केली, आणि पेन तिच्यापुढं धरलं.

“पोच,” ते म्हणाले.

कल्याणीनं सही केली.